तिसऱ्या ओळीतली खोट

बी झेतूनीच्या हातात सुई असली की तोंडात यमक असायचंच. मोंबासाच्या उत्तरेकडच्या लामू बेटावर थोरल्या बाईला मानाने 'बी' म्हणतात. तिथे टोप्या शिवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण शिवता शिवता गल्लीतल्या गाढवाला, जावयाला आणि रोज उशिरा उगवणाऱ्या मासेवाल्याला कवनातून झोडपणारी ही एकच. पांढऱ्या कापडावर सुईने बारीक भोक पाडायचं, त्याचा काठ रेशमाने बांधायचा, मग शेजारी दुसरं. अशा भोकांच्या रांगांची नक्षी जमली की टोपी होते. एखादं भोक रांगेबाहेर गेलं तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही, पण झेतूनीला जेवण जात नाही. दिसलेली खोट बोलून दाखवल्याशिवाय तिला राहवत नसे, मग ती टोपीतली असो की माणसातली.

कवन ती आईकडून शिकली, तेही नारळ खवताना. आई खवणीवर बसून सांगायची आणि पोरगी बोटांवर अक्षरं मोजायची. कवनाच्या ओळी चार. ओळीचे तुकडे दोन, तुकड्यात अक्षरं आठ. पहिल्या तीन ओळींत आतले, म्हणजे पहिले तुकडे एका यमकाने संपायचे आणि बाहेरचे, म्हणजे ओळीच्या शेवटचे, दुसऱ्या यमकाने. चौथी ओळ मात्र उलटी फिरते, म्हणजे बाहेरचं यमक आत येतं आणि शेवट मोकळा सुटतो. यमकाच्या जागी एकदा बसवलेला शब्द पुन्हा बसवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की ज्या यमकात हाक आली त्याच यमकात ओ द्यायची. दुसऱ्या यमकात दिलेलं उत्तर कितीही गोड असलं तरी ते उत्तर नव्हेच.

आणि सवाल-जवाबात ज्याला उत्तर सुचलं नाही, किंवा ज्याच्या कवनात खोट निघाली, तो हरला. हरलेल्याने हलव्याचं ताट घेऊन जिंकलेल्याच्या दारी जायचं. ते जमणार नसेल तर कवनाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

नवरा दर्यावर्दी होता तेव्हा त्याच्याशीही झेतूनी अशीच भांडायची. तो बिचारा घरी आला की तोंडाला तोंड द्यायच्या ऐवजी मुकाट्याने मासे साफ करायला बसायचा. म्हणायचा, "समुद्रात वादळ येतं तेव्हा निदान ते मोजून तरी येत नाही गं." तो गेला, लेक लग्न होऊन मोंबासाला गेली, आणि झेतूनीला तोडीस तोड उत्तर देणारं उभ्या गावात एकच माणूस उरलं. ते म्हणजे चार बोळ पलीकडे राहणारी, चटया विणणारी बी तिमा.

दोघींचं बोलणं बंद होऊन तप उलटलं होतं.

झालं होतं असं. तिमाच्या लेकीचं लग्न, बायकांनी अंगण भरलेलं, अत्तर, अगरू, ढोल. तिमाने लेकीसाठी आशीर्वादाचं कवन म्हटलं. म्हणताना तिचं सगळं लक्ष लेकीकडे होतं. कवन संपलं, बायका ओवाळायला उठल्या आणि झेतूनीच्या तोंडून निघून गेलं, "तिमा, तुझी तिसरी ओळ चुकली गं. तो शब्द दुसऱ्या ओळीत येऊन गेलाय." खरंच आला होता. अंगणभर हशा पिकला. नवरीच्या आईने नुसती मान वळवली, आणि त्या दिवसापासून दोघी लहानपणच्या मैत्रिणी रस्त्यात भेटल्या तर भिंतीकडे तोंड करून जाऊ लागल्या.

पण कवन म्हणजे काही बोलणं नव्हे, असं लामूत मानतात. अबोला असला तरी कवन धाडता येतं. सहाएक महिन्यांनी तिमाकडून पहिलं कवन आलं, झेतूनीने त्याच यमकात परतवलं, आणि मग ते थांबलंच नाही. ने-आण करायला फमाऊ होता. हा कॉफीवाला. एका हातात खाली निखारे असलेली पितळी किटली, दुसऱ्या हातात एकमेकांवर किणकिणणारे दोन प्याले, आणि डोक्यात अख्ख्या गावाची कवनं. कागदावर तो काही घेत नसे. झेतूनीच्या जावयाने मध्यंतरी सुचवलं, की मोबाइलवरून धाडा, क्षणात पोचेल. त्यावर तिमा फमाऊला म्हणाली होती, की जे कवन उन्हातून चाललं नाही ते कच्चंच राहतं. झेतूनीला ते मनापासून पटलं, पण तसं कळवणार कशी? कळवायचं तर यमकात कळवावं लागलं असतं.

फमाऊ वाटेत चौकातल्या दगडी ओट्यावर थांबायचा आणि तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांना कवन आधी ऐकवायचा. त्यामुळे दोघींचं भांडण गावाच्या चहापाण्याचा भाग होऊन बसलं होतं. गेल्या रमजाननंतर तिमाने धाडलेलं हे कवन तर मासळीबाजारातसुद्धा म्हणत होते:

*टोप्या शिवे शेजारीण, भोकं पाडी रातदीस,*
*दोरा लांब, सैल वीण, डोकं झालं कासावीस,*
*तरी म्हणे मी प्रवीण, टाके मोजा, नाही वीस,*
*वाऱ्यावर जसं पीस, तशी तिची टोपी उडे.*

झेतूनी दोन दिवस खवळलेली होती आणि मनातून भलतीच खूश होती. मग तिने फमाऊला बसवलं, नारळाच्या दुधातली गोड पुरी, माहमरी, खायला घातली आणि उत्तर पाठ करून घेतलं:

*तिची चटई कठीण, पाठीचाही होतो कीस,*
*दृष्टी झाली आता क्षीण, वय सांगे फक्त तीस,*
*स्वतःला म्हणे हरीण, दात नाहीत बत्तीस,*
*चालताना घासाघीस गुडघ्यांशी रोज करी.*

तिमाचे गुडघे खरोखर गेले होते. ती आता दारापर्यंतही धड येत नसे, असं कानावर येई. या कवनानंतर झेतूनीला जरा चुटपुट लागली. गुडघ्यांवर जायला नको होतं. पण 'घासाघीस' इतकं चपखल बसलं होतं, की काढवेना.

त्यानंतर बरेच दिवस तिमाकडून काही आलं नाही. झेतूनी रोज दुपारी दारात बसून प्याल्यांची किणकिण ऐकायची. फमाऊ दिसला की म्हणायची, "काय रे, आज काय?" तो म्हणायचा, "आज आलं घातलंय जास्त." ती म्हणायची, "मी कॉफीचं विचारलं का?" आणि तो गालात हसून पुढे जायचा. सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागू लागला. एका टोपीच्या दोन रांगा उसवाव्या लागल्या.

शेवटी एका मंगळवारी किणकिण आली ती धावतच. फमाऊने किटली खाली ठेवली, पण प्याला भरलाच नाही. त्याचा चेहरा बघून झेतूनी उठून उभी राहिली.

"बरी आहे ना ती?"

"बऱ्या आहेत. पण बी, अक्रीत घडलंय. ओट्यावर सगळे टाळ्या पिटतायत. तुम्ही जिंकलात!"

"आधी कवन म्हण. मग टाळ्या पीट."

फमाऊने घसा साफ केला आणि म्हटलं:

*उलट फिरला वारा, बंदराला आली लाट,*
*शिडांचा झाला पसारा, धक्क्यावर गर्दी दाट,*
*माझी होडी वाळूवर, बघे भरतीची वाट,*
*उजाडेल ती पहाट, तेव्हा दोर सोडीन मी.*

झेतूनीची बोटं आपोआप मोजत होती. आठ, आठ. वारा, पसारा, आणि... बोट तिथेच थांबलं.

"पुन्हा म्हण. तिसरी."

"माझी होडी वाळूवर."

"वाळूवर?"

"वाळूवर. तिथे 'किनारा' कुणी पोरानेही बसवला असता. मी तसं म्हणालोसुद्धा त्यांना, की बी तिमा, इथे किनारा जमेल. तर माझ्याकडे असं बघितलं! म्हणाल्या, तू कॉफी ओत. वर तीन-तीनदा वदवून घेतलं माझ्याकडून, की वाटेत सुधारणार नाहीस ना."

झेतूनीला पहिल्यांदा झाला तो निव्वळ आनंद, खोटं कशाला बोलायचं? तपभराचं भांडण आणि अखेर तिमाच्या कवनात खोट, तीही अशी, की गाढवालाही दिसावी! तिने कमरेला पदर खोचला, खोलीत एक गिरकी घेतली आणि फमाऊच्या किटलीतून स्वतःच प्याला भरून घेतला.

"नाखवा शेकुवे म्हणाले," फमाऊ म्हणाला, "बी झेतूनीने नुसतं म्हणायचं, तिसरी ओळ चुकली. संपला खेळ." नाखवा शेकुवे म्हणजे ओट्यावरचा सगळ्यात म्हातारा. जहाजं सोडल्यापासून कवनांचे निवाडे करण्यापलीकडे त्याला काम नव्हतं. "उद्या दुपारच्या नमाजानंतर तुमचा शब्द घेऊन ये म्हणाले."

संपला खेळ. फमाऊ गेल्यावर झेतूनी ते दोन शब्द घेऊन बसली आणि तिचा आनंद हळूहळू कडू होत गेला. संपला म्हणजे काय? हरली तर तिमा हलवा घेऊन येणार? ही तिमा? अबोल्याच्या आधी एकदा सियू गावच्या शाहिराला उत्तर सुचलं नाही म्हणून हरली होती, तेव्हा तिने हलवाही नेला नाही आणि तोंडही उघडलं नाही. दोन वर्षं नुसत्या चटया विणल्या. तो शाहीर वारला तेव्हा कुठे तिने पुन्हा कवन म्हटलं. आता मी 'चुकली' म्हटलं की ही ओठ शिवून घेणार. मग दुपारी किणकिण येईल ती नुसत्या कॉफीची.

आणि दुसरी भीती त्याहून वाईट होती. तिमा चुकेलच कशी? एक तो लग्नातला दिवस सोडला तर तिचं यमक कधी ढळलं नव्हतं. पोराने पकडावी अशी चूक, वर सांगूनही दिसत नाही? डोकं तर थकलं नाही ना तिचं? झेतूनीला एकदम रडू आलं. तिने हातातली टोपी बाजूला ठेवली आणि ती मनसोक्त रडली. मग नाक पुसून भिंतीला म्हणाली, "मेले, गुडघे गेले तेवढे पुरे नव्हते का तुला?"

सकाळी चुलीपाशी नारळ खवताना तिला आईचा मोठा नियम आठवला. ज्या यमकात हाक आली त्याच यमकात ओ. हाकेत खोट असेल तर? आईने ते सांगितलं नव्हतं. पण ओ जर त्याच जागी तशीच मोडली तर ती खोट राहते कुठे? टोपीत एक भोक रांगेबाहेर गेलं तर ती चूक. पलीकडच्या बाजूला तसंच एक मुद्दाम पाडलं की लोक विचारतात, ही नक्षी नवीन का हो?

ती खवणीवरून उठलीच नाही. बोटं खोबऱ्याने माखलेली, त्याच बोटांवर मोजणी सुरू झाली. निखारा लगेच मिळाला, समोरच फुललेला होता. पहारा मिळाला. ताट, खाट. तिसऱ्या ओळीत हात मुद्दाम वाकडा करताना तिचा जीव असा कळवळला, की जणू कुणी दात उपटतंय. जन्मात तिने जाणूनबुजून यमक मोडलं नव्हतं. आणि यमकाचं एक वाईट असतं. जुळणारा शब्द शोधता शोधता माणूस नको ते खरं बोलून जातं. कवन पुरं झालं तेव्हा झेतूनी दचकली. आपण हे असं म्हणणार होतो का? पण बदलायला दुसरे शब्द जुळेनात, आणि खरं सांगायचं तर तिने फारसे शोधलेही नाहीत.

फमाऊ आला तेव्हा तिने त्याला समोर बसवलं. "ऐक. आणि तूही वाटेत सुधारलंस तर किटली फोडीन."

त्याने ऐकलं. तिसऱ्या ओळीला त्याने तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. मग किटली उचलून चालायला लागला. ओट्यावर पोचल्यावर त्याने खणखणीत आवाजात म्हटलं:

*चुलीत फुले निखारा, झाकून ठेवलं ताट,*
*दाराला नाही पहारा, मोकळी ठेवली खाट,*
*दिवा जळे ओट्यावर, बोळ सरळ सपाट,*
*कशाला एवढा थाट, भरती येतेच, बाई.*

तिथे मग जो कालवा झाला तो झेतूनीला घरात बसून ऐकू आला. कुणी म्हणे दोघीही चुकल्या, कुणी म्हणे दोघीही म्हाताऱ्या झाल्या. एक मास्तर म्हणे, शास्त्रात बसत नाही. नाखवा शेकुवेने काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं. "वाळूवर, ओट्यावर. जागा तीच, यमक तेच. एकीने केली असती तर खोट होती. दोघींनी केली म्हणजे ती रीत. हरलं कुणी नाही. आणि पोरांनो, उद्यापासून तिसरी ओळ मोडून म्हणून बघा, कानाला बरी लागतेय."

फमाऊने निकाल आणला तेव्हा झेतूनीचा जीव भांड्यात पडला. तिमाची अब्रू राहिली, खेळ राहिला, पुढचं कवन येणार. ती इतक्या समाधानात होती, की तिने नव्या टोपीचं कापड बेतायला घेतलं.

कापड अर्धं बेतून होतंय तोच बोळात आरडाओरडा ऐकू आला. गाढवाच्या टापा आणि त्याहून मोठ्याने एका बाईचा आवाज. "अरे हळू! माझी हाडं आहेत ती, नारळ नव्हेत! थांब. थांब म्हणते ना! हेच दार."

झेतूनी दारात आली आणि खिळून उभी राहिली. भाड्याच्या गाढवावर, पायघोळ काळा बुरखा, बुईबुई, सावरत, घामाघूम झालेली तिमा बसली होती. मांडीवर कापडाने झाकलेलं ताट होतं. गाढववाला लगाम धरून हसू दाबत होता. वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

तपभरानंतर तिमा तिच्याशी पहिला शब्द बोलली तो असा: "मूर्ख!"

झेतूनीने हातातलं कापड उंबऱ्यावर ठेवलं.

"मूर्ख, मूर्ख, मूर्ख! एवढी ढळढळीत चूक करून दिली तुला. आंधळ्याला दिसेल अशी. ती ओळ मोडायला तीन रात्री जागले मी. तो फमाऊ मेला सुधारायला निघाला होता, त्याला दम भरला. हलवाईला काल सांगून ठेवलं, उद्या मी हरणार आहे, ताजा कर, वेलदोडा सढळ हाताने घाल. गाढव सांगितलं. आणि तू? तू निघालीस माझी चूक झाकायला! तुला आयुष्यात कधी कुणाची चूक झाकता आली नाही, ती नेमकी आजच झाकता आली?"

"तू मुद्दाम...?"

"मग काय! हरल्याशिवाय तुझ्या दारी कशी येऊ? उगाच यायला मी काय भिकारी आहे? वाट बघून बघून गुडघे गेले, म्हटलं आता चालत जायची वेळ निघून गेली, निदान गाढवावरून तरी जावं. आता नाखवा म्हणतो, हरलं कुणी नाही. मग हा हलवा मी कुठल्या तोंडाने देऊ? सांग!"

झेतूनीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग तिने पदराने तोंड पुसलं, दोन पावलं पुढे आली, आणि वरच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिमा, तुझी तिसरी ओळ चुकली गं."

तपापूर्वीचं ते अंगण आठवणाऱ्या बायका खिडक्यांत होत्या, त्या आणखी बाहेर वाकल्या. तिमाने झेतूनीकडे बघितलं. मग तिचं उरल्यासुरल्या दातांचं तोंड कानापर्यंत फाकलं.

"चुकली ना? म्हणजे हरले. धर ताट. वेलदोडा घातलाय नीट."

"पण माझीही तिथेच चुकली."

"मग तूही हरलीस. उद्या तू माझ्याकडे हलवा घेऊन ये. तुला चालायला काय होतंय?"

"आणेन. सुक्यामेव्याचा आणेन."

"आणशील तेव्हा आणशील. आता आधी मला या जनावरावरून उतरव. तीन ओळी बाहेर काढल्या मी, झेतूनी. ही चौथी आहे, बाहेरचं आत आणणारी. आत घे."